मोठ्या आतड्याचा कॅन्सर : जिवाणूंनी लहानपणीच करून ठेवलेला उद्योग?

सूक्ष्मदर्शी

'तरुणांमध्ये आतड्याचा कॅन्सर का वाढतोय? कारण सापडलं!' हा फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. त्याच्या शेपटीला बहुतेक वेळा कुठल्या तरी प्रोबायोटिक पावडरीची जाहिरात चिकटलेली असते. मूळ संशोधन त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी रंजक आहे. शिवाय त्यातून जो अर्थ निघतो तो पावडर विकणाऱ्यांच्या सोयीचा अजिबात नाही. म्हणून हा धागा.

ई. कोलाय हा जिवाणू जवळपास प्रत्येकाच्या आतड्यात असतो आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. त्याच्या काही जातींकडे मात्र डीएनएचा एक जादा तुकडा असतो. त्याला पीकेएस बेट म्हणतात. यात १९ जनुकं असतात आणि ती सगळी मिळून एकच पदार्थ बनवतात : कोलिबॅक्टिन. फ्रान्समधल्या तुलूझ इथल्या गटाने २००६ साली दाखवलं, की हे बेट असलेले जिवाणू मानवी पेशींच्या संपर्कात आले की त्या पेशींच्या डीएनएच्या दोन्ही साखळ्या तुटतात.

गंमत म्हणजे या पदार्थाचं नाव माहीत झालं, परिणाम माहीत झाले, जनुकंही माहीत झाली, पण पदार्थ काही हाती लागेना. कोलिबॅक्टिन इतकं अस्थिर आहे, की वेगळं काढायला जावं तर मोडून जातं. शेवटी २०१९ मध्ये येल आणि हार्वर्डच्या गटांनी उलट्या बाजूने शोध घेतला. डीएनएवर त्याने काय चिकटवून ठेवलंय ते तपासलं आणि त्यावरून मूळ रेणूचा आराखडा मांडला. रेणूच्या दोन्ही टोकांना कार्बनची एकेक ताणलेली तिकोनी कडी असते. प्रत्येक कडी डीएनएमधल्या एका अ‍ॅडेनिनला पकडते. दोन टोकं, दोन साखळ्या, म्हणजे स्टेपलरची पिन मारल्यासारखं. पेशी विभागताना या साखळ्या सुट्या व्हाव्या लागतात, त्या होत नाहीत. मग दुरुस्तीची यंत्रणा कापाकापी करते आणि त्यात चुका राहतात.

जिवाणू स्वतः कसा वाचतो? तो आधी निष्क्रिय रूप बनवतो. क्लबपी नावाचं एन्झाइम ऐनवेळी, पेशीच्या आतल्या पडद्याबाहेर, त्याचं टोपण काढतं. तरीही काही आत राहिलंच तर क्लबएस नावाचं प्रथिन ते निकामी करतं. इतकी तजवीज ज्या अर्थी केलीय त्या अर्थी हे विष त्याला महागाचं आहे. बहुधा शेजारच्या जिवाणूंशी भांडायला ते असावं आणि आपण मधल्यामध्ये सापडतो, असा माझा अंदाज.

आता मुख्य मुद्दा. २०२० मध्ये नेदरलँड्सच्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने मानवी आतड्याच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या इवल्या गोळ्यांमध्ये, म्हणजे ऑर्गनॉइड्समध्ये, हे जिवाणू वारंवार टोचले. पाच महिन्यांनी त्या पेशींचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला. त्यात म्युटेशन्सचा, म्हणजे डीएनएतल्या कायमच्या बदलांचा, एक ठरावीक साचा दिसला : डीएनएच्या चार अक्षरांपैकी टी या अक्षराच्या ओळीतून एखादा टी गळणं, आणि टी बदलला असेल तर त्याच्या तीन घरं आधी ए, म्हणजे अ‍ॅडेनिन असणं. हा साचा एसबीएस८८ आणि आयडी१८ या नावांनी ओळखला जातो. मग हजारो रुग्णांच्या गाठींच्या जीनोममध्ये तो शोधला, तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये साधारण ५ ते ९ टक्के रुग्णांत सापडला. इतर अवयवांच्या कॅन्सरमध्ये फारच क्वचित.

आणि २०२५ मध्ये सॅन डिएगोच्या लुडमिल अलेक्झांड्रोव्ह यांच्या गटाने ११ देशांतल्या ९८१ गाठींचे जीनोम तपासले. चाळिशीच्या आत निदान झालेल्यांमध्ये हा ठसा सत्तरीनंतर निदान झालेल्यांपेक्षा ३.३ पट जास्त वेळा दिसला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही म्युटेशन्स गाठीच्या इतिहासात फार आधी घडलेली होती, बहुतेक आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतली.

म्हणजे आज पोटात काय आहे ते तपासून फारसं काही कळत नाही. ज्याने उद्योग केला तो जिवाणू कधीच निघून गेलेला असू शकतो.

रानवारा

वाह, धागा आवडला. वाचतोय. एक बाळबोध प्रश्न : म्युटेशन लहानपणी झालं हे पन्नास वर्षांनी कसं ओळखतात? त्यावर तारीख थोडीच लिहिलेली असते.

सूक्ष्मदर्शी

तारीख नसते, पण क्रम कळतो. गाठीतल्या सगळ्या पेशींत जे म्युटेशन आहे ते सर्वात आधीचं, काहींतच आहे ते नंतरचं. कोलिबॅक्टिनचा ठसा पहिल्या प्रकारात येतो.

दुसरा पुरावा निरोगी आतड्यातून आलाय आणि मला तो जास्त पटतो. आतड्याच्या अस्तरात क्रिप्ट नावाचे सूक्ष्म खळगे असतात. एका क्रिप्टमधल्या पेशी एकाच मूळ पेशीच्या वंशज. २०१९ मध्ये इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूटच्या गटाने ४२ जणांच्या आतड्यातले असे खळगे एकेक करून वाचले. शेजारशेजारच्या क्रिप्ट्सची वंशावळ मांडली, तर काही जणांत हा साचा झाडाच्या खोडाजवळच्या फांद्यांवर होता, शेंड्यांकडे नव्हता. म्हणजे बालपणात कधीतरी मारा झाला आणि थांबला. तेव्हा साचा कशामुळे आला हेही ठाऊक नव्हतं. उत्तर वर्षभरात ऑर्गनॉइड्समधून मिळालं.

तिरकस

म्हणजे बारशाच्या आधीच जिवाणूंनी आमचं नाव लिहून ठेवलं म्हणायचं. उत्तम. आता मी दही खावं की नाही एवढंच सांगा.

अबोली_२

@तिरकस :D

मी प्रोबायोटिक कॅप्सूल घेते, पोट बरं राहतं. पण चांगल्या जिवाणूंनी वाईट जिवाणू हुसकावले जातात ना? मग मुलांना लहानपणापासून दिलं तर हा धोका कमी होईल असं वाटतं.

सूक्ष्मदर्शी

अबोली, ऐकायला हे तर्कशुद्ध वाटतं, पण यात एक भलतीच गोम आहे. ई. कोलाय निस्ले १९१७ ही जगातल्या सर्वात जुन्या प्रोबायोटिक जातींपैकी एक. पहिल्या महायुद्धात आल्फ्रेड निस्ले यांनी एका सैनिकाच्या विष्ठेतून ती वेगळी केली. आजूबाजूच्यांना जुलाब होत असताना हा सैनिक ठणठणीत होता म्हणून. आतड्याच्या दाहावर ती आजही वापरली जाते. आणि तिच्यात पीकेएस बेट आहे! कोलिबॅक्टिन ती बनवते.

तिने कुणाला कॅन्सर झाला असा पुरावा नाही, हेही लगेच सांगते. बाजारातल्या बहुतेक प्रोबायोटिक्समध्ये लॅक्टोबॅसिलस किंवा बिफिडोबॅक्टेरियम असतात, त्यांच्याकडे हे बेट नसतं. पण 'चांगले' आणि 'वाईट' अशी सरळ विभागणी इथे चालत नाही. प्रोबायोटिकने मुलांमधला हा ठसा टळतो असंही कुणी दाखवलेलं नाही. बाळांना डॉक्टरांना न विचारता कॅप्सूल देऊ नका.

@तिरकस, दही खा.

गणितमास्तर

लेख चांगला, पण ३.३ पट या आकड्यावर थोडं थांबू या. फॉरवर्डवाले यावरूनच 'धोका तिपटीने वाढतो' असं म्हणतात आणि ते साफ चूक आहे. इथे तुलना झालीय ती रुग्णांची रुग्णांशी. निरोगी लोक या अभ्यासात नाहीतच. 'तरुण रुग्णांत ठसा जास्त वेळा दिसतो' आणि 'ठसा असलेल्याला कॅन्सर होण्याची शक्यता इतकी जास्त' ही दोन वेगळी विधानं आहेत.

दुसरं. चाळिशीचे रुग्ण आणि सत्तरीचे रुग्ण यांच्यात फक्त वयाचा फरक नाही, जन्मसालाचाही आहे. समजा नव्या पिढ्यांच्या बालपणी हा जिवाणू जास्त पसरला. तर तरुण रुग्णांत ठसा जास्त दिसणारच, मग त्याने कॅन्सर लवकर येवो न येवो. उलट, प्रसार सगळ्या पिढ्यांत सारखाच असेल पण ठसा असलेल्यांना कॅन्सर लवकर होत असेल, तरी आकडा असाच येईल. एकाच वेळी गोळा केलेल्या नमुन्यांवरून या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत.

तिसरं. वयस्क माणसाच्या गाठीत वयानुसार साठलेली इतर म्युटेशन्स भरपूर असतात. त्या गर्दीत लहानपणचा ठसा गणिताने शोधणं अवघड जातं. मग म्हाताऱ्यांमध्ये तो कमी आहे की कमी दिसतो?

सूक्ष्मदर्शी

मास्तर, याच प्रतिसादाची वाट बघत होते.

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. दुसराही. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार १९९० च्या आसपास जन्मलेल्यांना, १९५० च्या आसपास जन्मलेल्यांच्या त्याच वयाशी तुलना करता, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका दुप्पट आणि मलाशयाच्या कॅन्सरचा चौपट आहे. पिढीगणिक काहीतरी बदललंय एवढं नक्की. ते कोलिबॅक्टिनच, असं मी म्हणणार नाही. लठ्ठपणा, बैठं आयुष्य, खाणं, लहानपणची अँटिबायोटिक्स, असे बरेच संशयित आहेत.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र थोडं भांडते. फक्त ठशाची टक्केवारी असती तर तुमची शंका भारी पडली असती. पण पेशींच्या वाढीला लगाम घालणारं एपीसी नावाचं जनुक बघा. मोठ्या आतड्याच्या बहुतेक गाठींची सुरुवात ते बिघडण्याने होते. ठसा असलेल्या गाठींमध्ये एपीसीला झालेल्या इजांपैकी साधारण १५ टक्के थेट कोलिबॅक्टिनच्या साच्यात बसतात. म्हणजे नुकसान डीएनएच्या कुठल्या तरी ओसाड भागात नाही, नेमक्या लगामावर झालंय. एरवी एपीसीवरचा पहिला घाव वयाच्या विशी-तिशीत किंवा त्यानंतर कधीतरी पडायचा, तो आठव्या वर्षीच पडला, तर पुढचं सगळं वेळापत्रक अलीकडे सरकणार. पटण्याजोगं आहे की नाही?

गणितमास्तर

पटण्याजोगं आहे, सिद्ध नाही. पण १५ टक्क्यांचा मुद्दा जोरकस आहे, तो मला माहीत नव्हता.

काठावरचा

मी पॅथॉलॉजीत काम करतो, त्यामुळे थोडं पाणी ओततो. असल्या 'आतड्यातल्या म्युटाजेन'ची हवा एकदा होऊन गेलीय. १९७७ मध्ये टोरांटोच्या रॉबर्ट ब्रूस यांच्या गटाने निरोगी माणसांच्या विष्ठेत म्युटेशन घडवणारा पदार्थ दाखवला. चाचणी होती एम्स टेस्ट : साल्मोनेलाच्या अशा जाती घ्यायच्या ज्यांना हिस्टिडिन बनवता येत नाही, आणि तपासायच्या पदार्थामुळे किती जिवाणूंना ती क्षमता परत मिळते ते मोजायचं. पुढे पदार्थाची ओळख पटली : फेकापेंटाइन. बॅक्टेरॉइड्स गटातले जिवाणू ते तयार करतात. चाचणीत जबरदस्त म्युटाजेन. सगळ्यांना वाटलं, सापडला गुन्हेगार.

मग रुग्ण आणि निरोगी लोकांची तुलना झाली. रुग्णांच्या विष्ठेत फेकापेंटाइन जास्त नव्हतंच. विषय हळूहळू थंडावला. बशीत म्युटेशन घडवणं आणि माणसात कॅन्सर घडवणं यात बरंच अंतर आहे. शिवाय पीकेएसवाले जिवाणू कितीतरी निरोगी लोकांतही असतात. २०१२ च्या अभ्यासात २१ रुग्णांपैकी १४ जणांत सापडले, पण २४ निरोगी लोकांपैकी ५ जणांतही होतेच. आणि अभ्यास केवढासा!

सूक्ष्मदर्शी

फेकापेंटाइनची आठवण काढलीत हे फार बरं केलंत, ती कहाणी आता कुणी सांगत नाही.

दोन फरक सांगते. एक, फेकापेंटाइनच्या वेळी मोजमाप आजारी पडल्यानंतरच्या विष्ठेचं होतं. हानी चाळीस वर्षांपूर्वी झाली असेल तर अशा तुलनेत ती दिसणारच नाही. कोलिबॅक्टिनचंही तसंच आहे : ९८१ गाठींच्या अभ्यासात, निदानाच्या वेळी गाठीजवळ पीकेएस जिवाणू आहेत की नाहीत याचा ठशाशी संबंध लागला नाही. दोन, तेव्हा जीनोम वाचण्याची सोय नव्हती. आता पदार्थ गेला तरी त्याने केलेलं नुकसान वाचता येतं. फेकापेंटाइनचा असा साचा कुणी जुन्या संशोधनाकडे परतून शोधला तर मला वाचायला आवडेल.

तुम्ही २०१२ चे आकडे दिलेत, पण त्या अभ्यासातला उंदरांचा भाग जास्त महत्त्वाचा. दाह होण्याकडे कल असलेल्या जंतुरहित उंदरांत दोन वेगवेगळे जिवाणू सोडले. आतड्याचा दाह दोन्हीकडे सारखाच झाला. गाठी मात्र ई. कोलायवाल्या उंदरांतच जास्त. मग त्याच ई. कोलायमधून पीकेएस बेट काढून टाकलं : दाह तसाच राहिला, गाठी कमी झाल्या. म्हणजे दाह आणि डीएनएची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही लागतात.

काठावरचा

हो, तो प्रयोग नीटस आहे. उंदीर मात्र अनैसर्गिक : जंतुरहित, जनुक काढलेले, वर कॅन्सर घडवणारं एक रसायन टोचलेलं. तरी एवढं मानतो की संशयित म्हणून कोलिबॅक्टिन फेकापेंटाइनपेक्षा फार वरच्या दर्जाचा आहे.

भर घालतो : हा एकटा नाही. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी एक विष सोडतो जे थेट डीएनए कापतं. येलच्याच गटाने २०२२ मध्ये मॉर्गनेला मॉर्गनीआय या जिवाणूकडून बनणारी इंडोलिमिन्स दाखवली, तीही डीएनए बिघडवतात. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसच्या काही जातींचं विष डीएनएला हात लावत नाही, पेशींमधली सांधणी तोडतं आणि दाह पेटवतं. आनुवंशिक पॉलिपचा (आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या गाठींचा) आजार असलेल्यांच्या आतड्यात हा आणि पीकेएस ई. कोलाय एकत्र राहताना सापडलेत, श्लेष्माच्या थरात घुसून. एक दरवाजा उघडतो, दुसरा आत जातो.

रानवारा

फ्युसोबॅक्टेरियमचं नावही ऐकलं होतं, तोंडातला जिवाणू. तो यात बसतो का?

काठावरचा

तो म्युटाजेन बनवत नाही. तयार गाठीत येऊन बसतो आणि तिची वाढ सोपी करतो. वेगळा विषय, वेगळा धागा.

अबोली_२

मग खाण्याचं काय? लाल मांस वाईट म्हणतात ते याच्यामुळेच का?

सूक्ष्मदर्शी

ती वेगळी वाट आहे. लाल मांसातलं हीम, म्हणजे त्याला लाल रंग देणारा लोहयुक्त घटक, आतड्यात नायट्रोसो संयुगं तयार व्हायला मदत करतं, तीही डीएनएला चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा. लाल मांस '२ए' मध्ये, म्हणजे बहुधा होतो. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे धोका साधारण १८ टक्के वाढतो. हे १८ टक्के मूळ धोक्याच्या आहेत बरं का, मास्तर ओरडायच्या आत सांगते. अमेरिकेत आयुष्यभराचा धोका सुमारे ४ टक्के धरला, तर तो पावणेपाचच्या आसपास जातो.

मेदाचा भाग वेगळा. चरबी पचवायला पित्त लागतं. त्यातलं थोडं मोठ्या आतड्यात पोचतं आणि जिवाणू त्याचं डीऑक्सिकोलिक आम्ल बनवतात. ते पेशींना चिडवतं.

पीकेएसशी थेट जोडलेली गोष्ट म्हणजे फायबर. २०२५ मध्ये टोरांटोच्या गटाने उंदरांना कमी कर्बोदकांचा, कमी फायबरचा आहार दिला. पीकेएस ई. कोलाय पोटात असलेल्या उंदरांत पॉलिप्स वाढले. तोच जिवाणू नेहमीच्या आहारावर असताना तेवढा त्रास देत नव्हता. कमी फायबरमुळे श्लेष्माचा थर पातळ होतो आणि विष पेशींपर्यंत पोचतं. कोलिबॅक्टिन जेमतेम काही काळ टिकतं, त्यामुळे जिवाणू पेशीला खेटून असणं त्याला गरजेचं असतं. फायबर परत दिल्यावर गाठी कमी झाल्या. उंदीर आहेत, माणसं नाहीत, पण फायबर वाढवण्यात तोटाही काही नाही.

नवा_गडी

बरेच दिवस वाचनमात्र होतो, या धाग्यासाठी लिहितोय. वय ३८. अधूनमधून शौचातून रक्त जातं. मूळव्याध असणार म्हणून दुर्लक्ष केलं. धागा वाचून इंटरनेटवर मायक्रोबायोम टेस्ट बघितली, नमुना पाठवायचा आणि ते सगळ्या जिवाणूंची यादी देतात. करून घेऊ का? पीकेएस निघाला तर अँटिबायोटिकचा कोर्स करता येईल ना?

काठावरचा

नको. टेस्टही नको आणि कोर्सही नको. डॉक्टरांकडे जा, याच आठवड्यात. बहुतेक वेळा मूळव्याधच निघते, पण ते बघून ठरवायचं असतं, गृहीत धरून नाही. तरुण रुग्णांत निदान उशिरा होण्याचं एक मोठं कारण हेच : 'या वयात कॅन्सर कसला' असं रुग्णालाही वाटतं आणि कधी कधी डॉक्टरांनाही. रक्त, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, विनाकारण वजन घटणं, रक्तात लोह कमी, यातलं काहीही असेल तर स्पष्ट सांगा. घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर किंवा पॉलिप असतील तर तेही.

सूक्ष्मदर्शी

काठावरचा यांच्याशी सहमत. नवा_गडी, टेस्टने काय कळेल ते बघा : आज तुमच्या पोटात पीकेएस आहे किंवा नाही. आहे असं निघालं, तर कितीतरी निरोगी लोकांमध्येही तो असतोच. नाही असं निघालं, तर लहानपणी नव्हता याची खात्री नाही. दोन्ही उत्तरांनी तुमचं पुढचं पाऊल बदलत नाही. अँटिबायोटिकने झालेली म्युटेशन्स पुसली जात नाहीत, उलट बाकीची वसाहत उद्ध्वस्त होते.

कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत, मात्र पॉलिप दिसला तर तिथल्या तिथे काढतात. म्युटेशन कशाने झालं होतं हे माहीत नसलं तरी चालतं. अमेरिकेत २०२१ मध्ये लक्षणं नसलेल्यांच्या तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं ते वाढत्या तरुण रुग्णांमुळेच. लक्षणं असतील तर वयाचा प्रश्नच येत नाही.

तिरकस

चेष्टा बाजूला. भाऊ, जा खरंच.

गणितमास्तर

एक शेवटची शंका. विष रोखणारं औषध निघू शकेल का? जिवाणू राहू दे, फक्त उद्योग बंद.

सूक्ष्मदर्शी

प्रयत्न चालू आहेत. वर क्लबपीचा उल्लेख केला होता, टोपण काढणारं एन्झाइम. हार्वर्डच्या एमिली बाल्स्कस यांच्या गटाने बोरॉन असलेले छोटे रेणू बनवले, ते क्लबपीला अडवतात. टोपण निघत नाही, विष तयार होत नाही, जिवाणू मरतही नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर चाललं.

पण अडचण तुमच्या लक्षात आली असेलच. हानी पहिल्या दहा वर्षांत होत असेल, तर औषध कुणाला द्यायचं? निरोगी मुलांना, वर्षानुवर्षं, चाळीस वर्षांनी कदाचित होणाऱ्या आजारासाठी? आणि उपयोग झाला की नाही हे कळायला कुणी चाळीस वर्षं थांबायचं? मला तरी त्यापेक्षा जन्मापासून मुलांचा मागोवा घेणारे अभ्यास आधी हवेत असं वाटतं. कुणाच्या पोटात हा जिवाणू कधी आला, किती टिकला, जाताना काय करून गेला.

नवा_गडी

सगळ्यांचे आभार. शुक्रवारची वेळ घेतलीय. डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सांगितली तर आदल्या दिवशीच्या त्या पोट साफ करायच्या औषधाबद्दल ऐकून जरा धास्ती आहे.

काठावरचा

तपासणीपेक्षा तेच जास्त कंटाळवाणं असतं, खरं आहे. डॉक्टर चालेल म्हणाले तर अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं सकाळी घ्या, गार करून, स्ट्रॉने. शेवटी बाहेर पडणारं पाणी पिवळसर आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. तयारी अर्धवट राहिली तर लहान पॉलिप सुटतात, म्हणून सगळं औषध संपवा. रक्त पातळ करणारी किंवा साखरेची औषधं चालू असतील तर आधी विचारा.